गुरुवारची यादी

१९५०च्या सुरुवातीला मेलबर्न शहरातल्या कॉलिंगवुड या कामगारवस्तीत एका माणसाची नेमणूक झाली, आणि हंगामाचा पहिला सामना होण्याआधीच त्याला ती सोडावी लागली. माणसाचे नाव बर्विन वुड्स आणि पद होते कॉलिंगवुड फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकाचे. वुड्सने क्लबच्या दुय्यम संघाला शिकवले होते. तो घरचाच माणूस होता, त्याच्यावर कसलाही आरोप नव्हता. लोकांना दुसरा माणूस हवा होता, एवढेच. लोक रागावले, वुड्सने राजीनामा दिला आणि लोकांना हवा असलेला फॉन्स काईन प्रशिक्षक झाला. प्रकरण तिथेही थांबले नाही. १९२४पासून अध्यक्षपदावर असलेल्या हॅरी कर्टिसची कार्यकारिणी सभासदांनी पायउतार करून दाखवली.

या घटनेला क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा परिच्छेदभर जागा मिळते. मला मात्र तिच्यात फार मोठी गोष्ट दिसते. कोणाला खेळवावे, कोणाला बसवावे, कोणाचा फॉर्म गेला, कोणाचे दिवस भरले, ही चर्चा जगात सगळीकडे चालते. आपल्याकडे तर ती चहाच्या प्रत्येक टपरीवर चालते. १९७१ साली विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले, त्यावर वाद घालणारी माणसे आजही दादरला भेटतील. पण त्या वादात भाग घेणाऱ्या एकालाही मर्चंट यांना पदावरून काढण्याचा अधिकार नव्हता. कॉलिंगवुडच्या माणसाला तो होता. वर्षाची वर्गणी भरून तो क्लबचा सभासद झालेला असे, आणि सभासदाला मत होते. कट्ट्यावरच्या बडबडीला मताचा अधिकार जोडला की काय होते, ते पाहायला ही शंभर-सव्वाशे वर्षे फार उपयोगी आहेत.

मी मेलबर्नला राहायला आले त्याला आता वीस वर्षे होतील. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले, ‘तू कोणासाठी बॅरॅक करतेस?’ मला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, तोही क्रिकेटमुळे. सिडनीच्या टेकडीवर बसून फलंदाजांची हुर्यो उडवणारे प्रेक्षक म्हणजे बॅरॅकर. मेलबर्नमध्ये मात्र बॅरॅक करणे म्हणजे एखाद्या संघाच्या पाठीशी उभे राहणे. पुढे जुनी वृत्तपत्रे चाळायला लागल्यावर कळले की एकोणिसाव्या शतकात याच शहरात या शब्दाचा अर्थ हुर्यो उडवणे असाच होता. टिंगल करणे आणि आपले मानणे या दोन क्रियांना शहराने एकच क्रियापद ठेवले. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मला या शब्दात सापडते.

वाचकांसाठी खेळाविषयी थोडे. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग मोकळे राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी, १८५९मध्ये, नियम लिहिले गेले. त्यामुळे खेळ क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर होतो. चेंडूही लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. चेंडू हातात धरून पळता येते, मुठीने मारून साथीदाराला देता येतो, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत झेल घेता येतो. एवढे पुरे.

कॉलिंगवुड क्लब स्थापन झाला १८९२ साली. मेलबर्नमध्ये सोन्याच्या जोरावर आलेली भरभराट तेव्हा कोसळत होती, बँका बुडण्याच्या बेतात होत्या, आणि सखल, दमट कॉलिंगवुडला त्याचा फटका सर्वांत जास्त बसला. बुटांचे कारखाने, कातडी कमावण्याचे धंदे, अरुंद गल्ल्या, एका भिंतीला टेकून दुसरे घर. आपल्या गिरणगावाची आठवण यावी अशी वस्ती. जॉन्स्टन स्ट्रीटवर चहाच्या दुकानामागे जॉन रेन नावाच्या माणसाचा बेकायदा घोड्यांच्या शर्यतींचा जुगार चाले, आणि त्या पैशातला काही भाग फुटबॉलपटूंच्या बक्षिसांवरही खर्च होई. अशा वस्तीने काळे-पांढरे पट्टे अंगावर चढवले आणि दहा वर्षांच्या आत व्हिक्टोरियाच्या मुख्य लीगमध्ये दरारा निर्माण केला.

संघनिवडीच्या वादाला धार येण्याचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. १९१५पासून लीगने शहराची वाटणी केली. खेळाडू ज्या भागात राहतो त्या भागाच्या क्लबकडूनच त्याने खेळायचे. म्हणजे कॉलिंगवुडचा खेळाडू हा बहुतेक वेळा कोणाचा तरी शेजारी, कोणाच्या तरी कारखान्यातला सोबती, कोणाच्या तरी वर्गातला मुलगा. ‘तो थकला आहे, त्याला बसवा’ असे म्हणणारा माणूस सोमवारी त्याच्याच आईला किराणा दुकानात भेटणार. या वादांत बायकाही पहिल्यापासून होत्या. इथल्या मैदानांवर स्त्रियांची गर्दी पाहून परदेशी पाहुणे चकित होत, आणि त्या नुसत्या टोप्या दाखवायला येत नसत.

आठवड्याची रचनाही ठरलेली होती. सामना शनिवारी. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, काम सुटल्यावर. गुरुवारच्या सरावानंतर निवड समिती दार लावून बसे. प्रशिक्षक, कर्णधार आणि क्लबने नेमलेले निवडकर्ते. रात्री यादी बाहेर येई, शुक्रवारच्या वृत्तपत्रांत छापली जाई. १९३०पर्यंत १८ नावे, त्या वर्षापासून एक राखीव म्हणजे १९वा, १९४६पासून २०वा. आज राखीव खेळाडू सतत आत-बाहेर करतात. तेव्हा तसे नव्हते. बाहेर गेलेला परत आत येऊ शकत नसे. म्हणून १९वा माणूस कोण, हा वाद कधीकधी १८ जणांहून मोठा. शनिवारी संध्याकाळी गुलाबी कागदावर छापलेला ‘स्पोर्टिंग ग्लोब’ हातात घेऊन लोक ट्रॅमने घरी जात आणि गुरुवारची यादी कोणी बिघडवली याचा निकाल लावत.

या काळात क्लबचा प्रशिक्षक एकच होता. जॉक मॅकहेल, १९१२ ते १९४९, सलग ३८ हंगाम. स्वतः बिअरच्या कारखान्यात नोकरी करणारा हा माणूस. त्याच्या हाताखाली ८ अजिंक्यपदे, त्यातली १९२७ ते १९३० अशी ओळीने ४, जी बरोबरी आजवर कोणाला करता आलेली नाही. मॅकहेलच्या क्लबात एक नियम होता: सर्व खेळाडूंना सारखेच पैसे. लीगमध्ये सर्वप्रथम एका हंगामात १०० गोल मारणारा गॉर्डन कॉव्हेंट्री आणि कालच आलेला पोरगा, दोघांचे पाकीट सारखे. १९३०पासून लीगच्या नियमानुसार सामन्यामागे कमाल ३ पौंड. हा नियम न्याय्य होता की सोयीचा, हे मला ठरवता आलेले नाही. कंजूषपणाला तत्त्वाचे कपडे घालणे काही फार अवघड नसते. पण चाहत्यांच्या वादावर त्याचा परिणाम झाला हे निश्चित. पैशाचा मुद्दाच नसल्यामुळे खेळाडू किमतीला उतरला का, असा प्रश्न उद्भवत नव्हता. प्रश्न एकच: आपल्यासाठी तो आणखी धावेल का?

१९३६ साली कॉव्हेंट्रीच्या मानेवर गळवे झाली होती. रिचमंडविरुद्धच्या सामन्यात जो मर्डॉक नावाच्या खेळाडूने नेमके तिथेच तडाखे दिले. कॉव्हेंट्रीने उलट मारले. कारकिर्दीत कधी तक्रार नसलेल्या या माणसाला ८ सामन्यांची बंदी झाली आणि तो अंतिम सामन्याला मुकला. उपनगर पेटून उठले. पण त्याच्याविना उतरलेल्या संघाने ते अजिंक्यपद जिंकले. यातून दोन पक्ष पडले: कोणीही माणूस बदलता येतो म्हणणारे, आणि कॉव्हेंट्री असता तर आणखी मोठ्या फरकाने जिंकलो असतो म्हणणारे. दुसऱ्या पक्षाला कधीच खोटे ठरवता येत नाही. म्हणून तो आजही जिवंत आहे.

रॉन टॉडच्या बाबतीत मात्र एकच पक्ष होता. कॉव्हेंट्रीची जागा घेणाऱ्या या देखण्या खेळाडूने १९३८ आणि १९३९ या दोन्ही हंगामांत १००हून अधिक गोल मारले आणि मग दुसऱ्या संघटनेतल्या विल्यम्सटाउन क्लबने मोठी रक्कम पुढे करताच तो निघून गेला. ३ पौंडांवर खेळणाऱ्या कामगाराच्या मुलाने जास्त पैसे घेतले, यात गैर काय? कामगारवस्तीने तरी हे समजून घ्यायला हवे होते. पण तिने घेतले नाही. त्याला कॉलिंगवुडने मनापासून कधीच क्षमा केली नाही. टॉडने १९४५मध्ये तिकडे एका हंगामात १८८ गोल केले, पण इकडे त्याची कोणी बढाई मारली नाही.

आता पुन्हा १९५०कडे. मॅकहेल निवृत्त होतो म्हणजे काय, हे त्या वस्तीच्या अंगाने पाहायला हवे. तिशी-पस्तिशीतल्या कोणत्याही माणसाने दुसरा प्रशिक्षक पाहिलेलाच नव्हता. १९३६नंतर अजिंक्यपद आले नव्हते. मधे युद्ध होऊन गेले. फॉन्स काईन हा त्या मधल्या काळातला सर्वांचा आधार. युद्धानंतर कर्णधार झालेला, १९४६, १९४७ आणि १९४८ अशी लागोपाठ ३ वर्षे क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. लोकांच्या मनात वारस ठरून गेला होता. कार्यकारिणीने वुड्सचे नाव जाहीर केले तेव्हा लोकांना आश्चर्यापेक्षा अपमान जास्त वाटला.

तरीही मला कार्यकारिणीची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही. वुड्सला शिकवण्याचा अनुभव होता, काईनला नव्हता. मैदानावर तळपणारा माणूस चांगला गुरू होतोच असे नाही, हे आपल्याकडे गाण्याच्या क्षेत्रातही पुष्कळदा दिसते. क्लबच्या घटनेप्रमाणे नेमणुकीचा अधिकार कार्यकारिणीचा होता, तो तिने वापरला. पण पंचवीस वर्षे त्याच खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींना एक गोष्ट दिसली नाही. बाहेर गर्दी करणारे लोक त्यांच्या लेखी प्रेक्षक होते, पण ते स्वतःला मालक समजत होते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रसंग वेगळा सांगायला नको. अहवाल वाचून मंजूर करायच्या तयारीत बसलेले पदाधिकारी, आणि मागच्या रांगेतून उठलेला पहिला माणूस.

वुड्स गेला. काईन आला. कर्टिसच्या जागी अध्यक्ष झाला सिड कॉव्हेंट्री: गॉर्डनचा भाऊ आणि त्या ४ अजिंक्यपदांचा कर्णधार. मला वाईट वाटते ते वुड्सचे. प्रशिक्षकांच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण एकही सामना झाला नाही. त्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते. लोकांचा राग ज्या दारावर जायचा होता, त्या दारात तो उभा होता. लोकशाहीच्या विजयाच्या कथांत अशी माणसे तळटीपेतही सापडत नाहीत.

निकाल लोकांच्या बाजूने लागला. १९५३ साली काईनच्या संघाने जीलाँगला हरवून अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत वृद्ध मॅकहेलचे हृदयविकाराने निधन झाले. १९५८चा विजय तर दंतकथाच झाला. मेलबर्न क्लब सलग ३ वेळा जिंकून चौथ्यांदा अंतिम सामन्यात आला होता, म्हणजे कॉलिंगवुडच्या विक्रमाची बरोबरी होणार होती. कॉलिंगवुडचा कर्णधार फ्रँक टक दुखापतीने बाहेर, मरे वाइडमनकडे नेतृत्व. कोणी आशा धरली नव्हती, आणि संघ जिंकला. हंगामभर नेतृत्व करणारा टक त्या दिवशी काठावर होता. निवडीच्या इतिहासात कॉव्हेंट्रीच्या शेजारी मी त्याचे नाव लिहीन.

त्यानंतर ३२ वर्षे दुष्काळ. १९६४चा अंतिम सामना ४ गुणांनी गेला, १९६६चा एका गुणाने. आणि मग १९७०.

त्या वर्षाची सुरुवातच घरातल्या भांडणाने झाली. क्लबने पश्चिम ऑस्ट्रेलियातून पीटर ईकिन्स नावाचा नामवंत खेळाडू मोठी रक्कम देऊन आणला. मॅकहेलच्या काळातला समान पैशाचा नियम परक्यासाठी मोडला, आणि घरच्यांसाठी मात्र कायम ठेवला. कर्णधार डेस टडनहॅम आणि लेन थॉम्पसन संपावर गेले. ते परत आले, पण टडनहॅमचे कर्णधारपद गेले. टेरी वॉटर्स कर्णधार झाला. एकेकाळी संपांनी गाजलेल्या वस्तीतले चाहते या संपावर दुभंगले, ही मला त्या वर्षातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

तरी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर कार्लटन, म्हणजे शेजारचेच उपनगर. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ माणसे. मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनी पुढे. कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी याने मध्यंतरानंतर १९वा खेळाडू टेड हॉपकिन्स आत पाठवला. हा लहानखुरा मुलगा अर्धा सामना अंगावर कोट घालून बाकावर बसलेला होता. त्याने ४ गोल केले. कार्लटन १० गुणांनी जिंकले. गुरुवारच्या यादीतले शेवटून दुसरे नाव अंतिम सामन्याचा निकाल फिरवून गेले. कॉलिंगवुडच्या घराघरांत पुढे वर्षानुवर्षे जी चर्चा चालली तिचा विषय मात्र हॉपकिन्स नव्हता. आपण मध्यंतरानंतर कोणाला बदलायला हवे होते, हा होता.

या हरण्याला नाव दिले ते घरच्याच माणसाने. लू रिचर्ड्स हा १९५३च्या विजयी संघाचा कर्णधार. त्याचे आजोबा चार्ली पॅनम आणि मामाही याच क्लबचे. पुढे तो पत्रकार आणि दूरचित्रवाणीचा विनोदवीर झाला. पोटात गोळा येण्याला इंग्रजीत जो गमतीदार शब्द आहे त्यात क्लबचे नाव मिसळून त्याने ‘कॉलिवॉबल्स’ असा शब्द काढला: अंतिम सामना जवळ आला की कॉलिंगवुडला होणारा आजार. गुरुवारी रात्री जॅक डायर आणि बॉब डेव्हिस यांच्यासोबत तो दूरचित्रवाणीवर संघांच्या याद्या वाचत असे. तिघे मिळून नावे चुकवत, एकमेकांची खोड काढत, आणि अख्खे शहर जेवणाच्या टेबलावरून त्यांच्याशी वाद घालत असे. ज्या बातमीसाठी पूर्वी शुक्रवारच्या पेपरची वाट पाहावी लागे, तिची आता गंमत झाली. बॅरॅक या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे तर रिचर्ड्स पाहावा.

१९८२ साली सभासदांनी पुन्हा उठाव केला, आणि १९५०ची कथा सांगणारे लोक नेमके याबद्दल कमी बोलतात. टॉम हेफी या प्रशिक्षकाने १९७७, १९७९, १९८०, १९८१ अशा ४ हंगामांत संघाला अंतिम फेरीत नेले होते. १९७७चा अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवला गेला, तोही हरला. सगळे हरले. १९८२च्या हंगामात संघ घसरल्यावर हेफीला मध्येच काढले. ‘न्यू मॅगपाइज’ नावाचा गट उभा राहिला. नेतृत्व रॅनल्ड मॅकडॉनल्ड या वृत्तपत्रव्यवसायातल्या बड्या असामीचे. आश्वासन असे की जुनाट कारभार जाईल, उत्तमोत्तम खेळाडू येतील. सभासद त्यांच्या मागे गेले. खेळाडू आलेही. रिचमंडकडून डेव्हिड क्लोक आणि जेफ रेन्स असे तारे आणले. रिचमंडने सूड म्हणून कॉलिंगवुडचे खेळाडू पळवले. अजिंक्यपद काही आले नाही. १९८६पर्यंत कॉलिंगवुड दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि खेळाडूंना मानधनात कपात घ्या म्हणून विनवावे लागले. रिचमंडची जखम आणखी खोल गेली. १९९०मध्ये तो क्लब वाचवण्यासाठी चाहत्यांना रस्त्यावर डबे घेऊन उभे राहावे लागले.

तेव्हा मालक शहाणा असतोच असे नाही. पण मालकी नसली तर काय होते, तेही याच काळात दिसले. १९८९मध्ये फुट्सक्रे या गरीब क्लबचे विलीनीकरण वरून जाहीर झाले. चाहत्यांनी पैसे गोळा केले, न्यायालयात गेले, क्लब वाचला. १९९६मध्ये हॉथॉर्नच्या सभासदांनी मत देऊन विलीनीकरण हाणून पाडले. त्याच वर्षी कर्जात बुडालेला फिट्झरॉय क्लब प्रशासकाच्या ताब्यात होता. तिथे सभासदांच्या इच्छेला किंमत उरली नव्हती, आणि ११३ वर्षांचा क्लब दूरच्या ब्रिस्बेनमध्ये विरघळला. फिट्झरॉय हे कॉलिंगवुडला लागूनच. मधे फक्त एक रस्ता, स्मिथ स्ट्रीट.

आता एक गोष्ट, जी या क्लबवर प्रेम करणाऱ्यांना टाळावीशी वाटते. मैदानाच्या काठावरून खेळाडूला काहीही बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, या समजुतीची एक काळी बाजू होती. १७ एप्रिल १९९३ रोजी कॉलिंगवुडच्या व्हिक्टोरिया पार्क या घरच्या मैदानावर सेंट किल्डा क्लबच्या निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकॲडम या आदिवासी खेळाडूंना प्रेक्षकांनी सामनाभर रंगावरून शिव्या घातल्या. सेंट किल्डा जिंकले. विनमारने प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या त्वचेवर बोट ठेवले. ते छायाचित्र ऑस्ट्रेलियात आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. ‘मैदानात सगळ्यांनाच शिव्या बसतात’ हे समर्थन मी इथे अनेकदा ऐकले आहे, सभ्य माणसांकडूनही. फॉर्मवरून बोलणे आणि जन्मावरून बोलणे यातला फरक न कळण्याइतके हे प्रेक्षक अडाणी नव्हते. कोणाची कोणती बाजू दुबळी आहे, हे तर त्यांना दर शनिवारी अचूक कळत असे. १९९५मध्ये लीगने वंशद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम केला. त्यानंतरही २६ वर्षांनी, २०२१च्या प्रारंभी, क्लबने स्वतःच मागवलेल्या अहवालात वंशद्वेष क्लबच्या व्यवस्थेतच मुरलेला असल्याचे नोंदवले गेले आणि बावीसेक वर्षे अध्यक्ष असलेले एडी मॅग्वायर पायउतार झाले.

दरम्यान फॉर्मवरच्या वादाचे हत्यारच बदलले होते. बदलणारा माणूस कोण? १९७०चा तो १९वा खेळाडू. टेड हॉपकिन्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर चॅम्पियन डेटा नावाची कंपनी काढली. प्रत्येक लाथ, प्रत्येक झेल, चेंडू दडपणाखाली मिळाला की मोकळा, हे सगळे मोजायचे. आज लीगची अधिकृत आकडेवारी तीच कंपनी पुरवते. जो स्वतः कोणाच्या तरी अंदाजावर बाकावर बसला होता, त्याने निवड अंदाजावर सोडायची नाही असे ठरवले असावे, असे मला उगीच वाटते. माझ्या शेजारचे निवृत्त ट्रॅमचालक गृहस्थ या आकड्यांवर चिडतात. त्यांच्या मते खेळाडूचा फॉर्म तो चेंडू नसताना कुठे धावतो त्यावरून कळतो, आणि तसे पाहायला मैदानावर यावे लागते. त्यांची नात फोनवर तेही आकडे काढून दाखवते. वाद काही मिटत नाही.

२०२०च्या अखेरीस लीगची पगारमर्यादा सांभाळण्यासाठी कॉलिंगवुडने करारात असलेला ॲडम ट्रेलोर आणि आणखी काही खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले. सभासदांचा संताप १९५०ची आठवण करून देणारा होता. २०२१मध्ये विशेष सभा बोलवा म्हणून सह्या गोळा झाल्या, नेथन बकलीने हंगामाच्या मध्येच प्रशिक्षकपद सोडले, संघ १८ पैकी १७वा आला आणि वर्ष संपेपर्यंत अध्यक्ष पुन्हा बदलला. नवा प्रशिक्षक क्रेग मॅकरे. २०२३च्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात डॅनियल मॅकस्टे दुखापतीने बाहेर, टेलर ॲडम्सही बाहेर. गुरुवारी यादीत बिली फ्रॅम्प्टनचे नाव आले तेव्हा ट्रॅममध्ये, दुकानात, माझ्या कार्यालयात एकच प्रश्न होता: हाच का? कॉलिंगवुड ब्रिस्बेनविरुद्ध ४ गुणांनी जिंकले. हे क्लबचे १६वे अजिंक्यपद. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला बॉबी हिल, पश्चिम ऑस्ट्रेलियातला आदिवासी मुलगा, वर्षभरापूर्वीच कर्करोगाच्या उपचारांतून उठलेला. त्याच्या नावाचा गजर करणाऱ्यांत पांढऱ्या केसांची पुष्कळ माणसे होती. त्यांतली किती १९९३ला व्हिक्टोरिया पार्कच्या कुंपणाला टेकून उभी होती, हे विचारायचे मला धाडस झाले नाही.

पुढच्या हंगामात, मार्च २०२४मध्ये, कॉलिंगवुडने पहिले तीनही सामने गमावले. चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळपासूनच शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन उभे होते. सहा महिन्यांपूर्वी अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या संघातली तीन नावे त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून, खोडून ठेवली होती.